रात्री आठनंतरची बस

लंडनला कुणीच नाही असं गाव आता गोव्यात सापडणं कठीण. कुणी पोर्तुगीज पासपोर्टावर गेलं, कुणी शिकायला म्हणून गेलं आणि तिथेच राहिलं. साउथॉल, हाउन्स्लो, वेम्बली ही नावं फोंडा-म्हापशाच्या बाजारात आता परकी राहिलेली नाहीत. ही मुलं चतुर्थीला घरी येतात, पर्वरीच्या रस्त्यावर अडकून पडतात आणि घरी पोहोचल्यावर त्यांचं एक वाक्य ठरलेलं असतं: "आमच्या लोकांना शिस्तच नाही." घरातली मोठी माणसंही मान डोलावतात. मला हे वाक्य अजिबात मान्य नाही. ते एकदा मान्य केलं की सरकारला काही करावंच लागत नाही. दोष लोकांच्या स्वभावातच असेल, तर वेळापत्रक मागायचं कुणी आणि कुणाकडे?

मुळात तिथे जाणारा माणूस इथलाच असतो. फोंड्याच्या स्टँडवर चालत्या बसला लोंबकळून चढणारा मुलगा आठवड्याभरात लंडनच्या थांब्यावर रांगेत उभा राहायला लागतो. माझ्या भाच्याकडे साउथॉलला राहिले तेव्हा हे मी जवळून पाहिलं. पुढच्या दाराने चढायचं, यंत्राला कार्ड लावायचं, मधल्या दाराने उतरायचं. भुयारी रेल्वेच्या सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, घाई असलेल्यांसाठी डावी बाजू मोकळी ठेवायची. एकदा कार्ड लावलं की तासाभरात कितीही बसगाड्या बदला, भाडं एकदाच. चालकाशी हुज्जत नाही, सुट्ट्या पैशांचा घोळ नाही. २०१४पासून तिथल्या बसमध्ये रोख पैसे घेतच नाहीत. नव्या माणसाचा चार-सहा दिवस गोंधळ होतो, मग सराव होतो. आठवड्याभरात कुणाचं रक्त बदलत नाही. भोवतालची व्यवस्था बदलली की माणूस तिच्याप्रमाणे वागू लागतो, एवढंच त्यातून दिसतं.

आणि ही व्यवस्था लंडनलाही काही आयती मिळालेली नाही. १९२२च्या सुमारास त्या शहरात छोट्या मालकांच्या बसगाड्या रस्त्यावर उतरल्या. लोक त्यांना 'पायरेट बस' म्हणायचे, म्हणजे चाच्यांच्या गाड्या. मोठ्या कंपनीच्या बसच्या पुढे घुसून तिचे प्रवासी उचलायचे, दोन गाड्यांनी शर्यत लावायची, गिऱ्हाईक कमी दिसलं तर अर्ध्या वाटेवर सगळ्यांना उतरवून गाडी मागे वळवायची, हे सगळं तिथे रोज चालायचं. पणजी-म्हापसा मार्गावर प्रवास केलेल्या कुणालाही हे वर्णन ओळखीचं वाटेल. १९२४मध्ये कायदा करून मार्गांवर नियंत्रण आणलं गेलं आणि १९३३मध्ये बस, ट्राम आणि भुयारी रेल्वे एका सार्वजनिक मंडळाच्या हाती आली. त्या दहा-अकरा वर्षांत लंडनकर माणूस बदलला नाही, बस चालवण्यामागचा हिशेब बदलला.

याहून पक्का पुरावा त्याच देशात आहे. १९८६ साली ब्रिटनमध्ये लंडन सोडून बाकी ठिकाणची बससेवा खुल्या बाजारावर सोपवली गेली. ज्याला जो मार्ग परवडेल तो त्याने चालवावा, भाडं त्यानेच ठरवावं. लंडनमध्ये मात्र मार्ग, वेळा आणि भाडं ठरवण्याचा अधिकार सार्वजनिक यंत्रणेकडेच राहिला. गाड्या चालवण्याचं काम तेवढं निविदा काढून खाजगी कंपन्यांना दिलं. पुढे काय झालं? मँचेस्टरच्या चालत्या मार्गांवर एकामागे एक बसगाड्यांची झुंबड, आणि ज्या वस्त्यांत प्रवासी कमी तिथे संध्याकाळनंतर काहीच नाही. माणसं तीच, भाषा तीच, पाऊसही तोच. अखेर तिथले महापौर अँडी बर्नहॅम यांनी बससेवा पुन्हा सार्वजनिक नियंत्रणाखाली आणायचं ठरवलं. बस कंपन्या कोर्टात गेल्या आणि हरल्या. सप्टेंबर २०२३पासून पिवळ्या रंगाच्या 'बी नेटवर्क' बसगाड्या टप्प्याटप्प्याने धावू लागल्या आणि जानेवारी २०२५मध्ये सगळा महानगर प्रदेश त्यात आला. सदतीस-अडतीस वर्षं खुल्या स्पर्धेचा प्रयोग करून हे शहर लंडनच्या वाटेवर परतलं.

लंडनमधल्या लाल बसगाड्यांवर एकच चिन्ह दिसतं, त्यामुळे त्या सरकारी आहेत असा आपल्या लोकांचा समज असतो. त्या बहुतेक सगळ्या खाजगी कंपन्यांच्या आहेत. फरक इतकाच की कंपनीला मिळणारा पैसा तिकिटावर अवलंबून नाही. तिकिटाचं उत्पन्न सार्वजनिक यंत्रणेकडे जमा होतं आणि कंपनीला ठरलेल्या फेऱ्या चालवल्याबद्दल करारानुसार रक्कम मिळते. ज्या मार्गावर दर काही मिनिटांनी बस असते, तिथे प्रवाशाला ठरल्यापेक्षा किती जास्त वेळ ताटकळावं लागलं हे मोजलं जातं. ताटकळणं कमी झालं तर कंपनीला बक्षीस, वाढलं तर कपात. अशा करारात पुढची बस गाठण्यासाठी गाडी पळवून चालकाला काय मिळणार? काहीच नाही. थांब्यावर गाडी भरेपर्यंत उभी करूनही काही मिळणार नाही. मग तो वेळेवर निघतो.

याच हिशेबातून रात्रीची बस येते. साउथॉलच्या रस्त्यावर दिवसा २०७ क्रमांकाची बस धावते, आणि ती थांबली की त्याच रस्त्यावर एन २०७ सुरू होते. भाच्याची बायको हॉटेलात पाळीवर काम करते. तिची पाळी मध्यरात्री संपली तरी ती बसनेच घरी येते. दोघांकडे गाडी नाही आणि गाडी घेण्याचं बोलणंही त्यांच्या घरात निघत नाही. आमच्या गावातून गेलेली मुलगी ती. इथे होती तेव्हा अठरा पूर्ण होताच स्कूटर घ्यावी लागली होती.

इथे का घ्यावी लागली हे गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको. तरी मी सांगणार आहे, कारण आपल्याला त्याची इतकी सवय झाली आहे की त्यात काही वावगं आहे असंही वाटेनासं झालं आहे.

आपल्या खाजगी बसचा चालक आणि कंडक्टर दिवसाच्या गल्ल्यावर जगतात. म्हणून स्टँडवर बस भरल्याशिवाय हलत नाही. हलली तरी थांब्याथांब्यावर रेंगाळते, कंडक्टर "पणजी, पणजी, पणजी" ओरडत राहतो. उभ्या माणसांच्या पाठीत कोपर घालत "फुडें वच, फुडें वच" चालतं. मग आरशात मागची बस दिसते आणि एकदम शर्यत लागते; उतरणाऱ्या म्हातारीचा पाय जमिनीला लागतो न लागतो तोच गाडी सुटते. लोक चालकाला शिव्या देतात. मला त्याचा राग येत नाही. ज्याची चूल डोकी मोजून पेटते तो डोकीच मोजणार. आणि संध्याकाळी डोकी कमी झाली की तो घरी जाणार. बऱ्याच मार्गांवर रात्री आठच्या सुमारास खाजगी बस बंद होते, आडगावांत त्याच्याही आधी. सरकारी कदंब महामंडळाच्या काही गाड्या उशिरापर्यंत असतात, पण त्या मुख्य रस्त्यांवर.

रात्री आठ ही काय वेळ झाली? बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, तेव्हा पाळी बदलते. कळंगुट-कांदोळीच्या हॉटेलांत खरं काम तेव्हा सुरू होतं. पणजीच्या दुकानांतल्या मुली शटर ओढून तेव्हा बाहेर पडतात. कला अकादमीत मराठी नाटकाची तिसरी घंटा वाजलेली असते; सत्तरी-डिचोलीतल्या रसिकाने ते नाटक पाहायचं तर परतीसाठी स्वतःची गाडी हवी किंवा गाडीवाला मित्र हवा. ज्या गोव्यात गावोगावी रात्र रात्र नाटकं होतात, त्याच गोव्याच्या राजधानीतलं नाटक बसने येणाऱ्या माणसाला अर्ध्यावर सोडावं लागतं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. गोमेकॉत नातेवाईक दाखल असलेल्या वाळपईच्या माणसाची गत तर आणखी वाईट. पणजीला गाडी बदला, दोनदा तिकीट काढा, आणि भेटीची वेळ संपायच्या आतच परत निघा, नाहीतर रात्र बाकावर काढा.

म्हणून प्रत्येक घरात माणशी एक दुचाकी आली. गोव्यातल्या बाया स्कूटरवरून सहज फिरतात याचं बाहेरच्यांना कौतुक वाटतं, आणि ते कौतुक खोटं नाही. पण त्यातल्या किती जणींनी हौसेने स्कूटर घेतली आणि किती जणींनी दुसरा इलाजच नव्हता म्हणून? २०११च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४.५८ लाख होती. नोंदणी झालेल्या वाहनांचा आकडा केव्हाच त्याच्या पुढे गेला आहे. अलीकडे दरवर्षी अडीचशेहून अधिक माणसं आपल्या रस्त्यांवर मरतात आणि त्यांत सगळ्यांत जास्त दुचाकीस्वार असतात. त्यांत विशी-पंचविशीतली मुलं किती असतात हे ज्या घरांतून ती गेली त्यांना ठाऊक. अशा घरी भेटायला गेल्यावर लोक म्हणतात, "जपून चालवायला हवं होतं." त्या मुलाला त्या वेळी घरी आणणारी बस असायला हवी होती, असं कुणी म्हणत नाही.

गेल्या काही वर्षांत सरकारने वाहतुकीवर पैसा खर्च केला नाही असं नाही. पूल हवेतच. ५ जुलै १९८६ला मांडवीचा पूल कोसळला आणि बेतीच्या फेरीवर माणसांचे लोंढे लागले; ज्यांनी ते दिवस पाहिले ते पुलांविरुद्ध बोलणार नाहीत. २०१९मध्ये मांडवीवर अटल सेतू झाला, २०२२ आणि २०२३च्या डिसेंबरात जुवारीच्या नव्या पुलाचे दोन भाग खुले झाले, पर्वरीला उड्डाणपुलाचं काम निघालं. प्रत्येक पुलाच्या वेळी कोंडी सुटणार असं सांगितलं गेलं, आणि पुलावरची सुटलेली कोंडी पुढच्या जंक्शनला जाऊन बसली. रस्ता रुंद झाला की आणखी गाड्या येतात. भोमचे लोक महामार्गाच्या रुंदीकरणात आपली घरं-देवळं जातील म्हणून कित्येक वर्षं लढताहेत. ज्या रस्त्यासाठी त्यांच्या दारात मोजणीचे खुंट येतात त्या रस्त्यावर एका कारमध्ये एकेक माणूस बसून पणजीला चाललेला असतो. त्या रस्त्यावर भरवशाची बस दिली असती तर किती रुंदी लागली असती, हा हिशेब भोमच्या लोकांसमोर कुणी मांडायला हवा होता.

यावर नेहमीचा आक्षेप असा की लंडन ते लंडन, गोवा तो गोवा. ग्रेटर लंडनचं क्षेत्रफळ सुमारे १,५७२ चौरस किलोमीटर आणि वस्ती ९० लाखांच्या आसपास; गोव्याचं क्षेत्रफळ ३,७०२ आणि माणसं त्यांच्या सहाव्या हिश्श्याएवढी. इतक्या विरळ वस्तीत बस परवडेल का? आक्षेप वजनाचा आहे. पण आपली वस्ती सगळीकडे सारखी विरळ नाही. २०११च्या जनगणनेप्रमाणे गोव्यातली ६२ टक्के माणसं शहरी भागात राहतात. रोजची बहुतेक ये-जा म्हापसा-पणजी-मडगाव या कण्यावर आणि त्याला येऊन मिळणाऱ्या फोंडा, वास्को, डिचोली, कुडचडे या फाट्यांवर चालते. गावंही रस्त्याच्या कडेने लांबट पसरलेली आहेत, म्हणजे बसला सोयीची. सांगे-काणकोणच्या डोंगरातल्या वाड्यांना दर दहा मिनिटांनी बस द्या असं कुणीच म्हणत नाही. तिथे तासाला एक असली तरी चालेल, पण ती ठरल्या वेळेला आली पाहिजे आणि तिने गाठायची पुढची बस तिच्यासाठी दोन मिनिटं थांबली पाहिजे.

दुसरा आक्षेप पैशाचा. बससेवा तोट्यात जाते. होय, लंडनचीही जाते. तिकिटातून सगळा खर्च निघत नाही आणि उरलेला सार्वजनिक तिजोरीतून भरला जातो. पण प्रवासी किती आले हे न मोजता सेवेसाठी पैसे द्यायचे, ही कल्पना गोव्याला परकी आहे का? बालरथ पाहा. शाळेच्या त्या पिवळ्या गाडीचा खर्च सरकारच्या अनुदानातून भागतो. पावसात मुलं कमी आली म्हणून बालरथ स्टँडवर भरेपर्यंत थांबत नाही आणि दुसऱ्या बालरथशी शर्यतही लावत नाही. फेरीबोट पाहा. पायी जाणाऱ्याकडून एक पैसा न घेता ती माणसं पार करते, खलाशाला पगार मिळतो, आणि चोडणची, दिवाडीची फेरी खाजगी बस बंद झाल्यावरही चालू असते. नदीच्या पाण्यावर जे तत्त्व आपण इतकी वर्षं पाळतो ते डांबरी रस्त्यावर आलं की का नको होतं?

आणि बससाठी भांडणं हेही आपल्याला नवीन नाही. १९७८-७९मध्ये गोव्यातले विद्यार्थी बसभाड्यात निम्मी सवलत मागत रस्त्यावर उतरले होते. तेव्हा सगळी बससेवा खाजगी मालकांच्या हातात होती. त्यानंतर १९८० साली कदंब महामंडळ स्थापन झालं. त्या पिढीतली माणसं आज आजोबा झालीत. त्यांच्या नातवंडांना बस हा मागण्याचा विषयच वाटत नाही. त्यांना गाडीचा हप्ता हा विषय वाटतो.

खाजगी बसमालकांना शत्रू ठरवून काही साधणार नाही. एक-दोन गाड्यांवर घर चालवणारी ही आपल्याच गावातली माणसं आहेत, कर्ज काढून गाडी घेतलेली. २०२३मध्ये सरकारने 'म्हजी बस' योजना आणली. खाजगी बस कदंबशी जोडायची आणि मालकाला किलोमीटरमागे पैसे द्यायचे, ही त्यामागची कल्पना अगदी बरोबर आहे. तरी बहुसंख्य खाजगी बसगाड्या आजही तिकिटाच्या गल्ल्यावरच धावतात. मालकांशी बोललं की कारण कळतं: सरकारकडून पैसे वेळेवर येतील यावर त्यांचा विश्वास नाही. बँकेचा हप्ता महिन्याच्या ठरल्या तारखेला कापला जातो आणि बिलं मात्र खात्याच्या टेबलांवर पडून राहतात, हा अनुभव त्यांनी घेतलेला आहे. लंडनची कंपनी करारावर सही करते ती पैशाची तारीख पक्की असते म्हणून. वेळापत्रक बसने पाळावं असं वाटत असेल तर आधी ते सरकारी तिजोरीने पाळायला हवं.

लंडनचं नाव निघालं की आपल्या काही मंडळींना तिथला गर्दी-कर आठवतो. शहराच्या मध्यभागी गाडी आणायची तर पैसे मोजा. १७ फेब्रुवारी २००३ला तो सुरू झाला, तेव्हा दिवसाला पाच पौंड होता. पणजीतही असं काही करावं, असं अधूनमधून कुणीतरी म्हणतं. लंडनने तेव्हा आणखी काय केलं हेही त्यांनी पाहावं: कर लागू झाला त्याच दिवशी तीनशेच्या आसपास जादा बसगाड्या रस्त्यावर उतरल्या, आणि कराचा पैसा वाहतुकीवरच खर्च करण्याचं बंधन कायद्याने घातलेलं होतं. गाडी सोडायला सांगण्याआधी गाडीखेरीज जायची सोय उभी केली. आपल्याकडे हा क्रम उलटा झाला तर फोंड्याहून नोकरीला येणाऱ्या कारकुनाच्या खिशाला भुर्दंड बसेल आणि तो येणार मात्र गाडीनेच. लंडनमध्येही आज सगळं छान आहे असं नाही. शहरभरात बसचा सरासरी वेग ताशी पंधरा किलोमीटरच्या आसपास रखडतो आणि लोक त्याबद्दल तक्रारी करतात. पण बस येणार की नाही, ही त्यांची तक्रार नाही.

सगळ्या गोव्याची व्यवस्था एका वर्षात बदलता येणार नाही. एका मार्गाची बदलता येईल. मी फोंडा-पणजी निवडेन, आणि तो माझा मार्ग आहे म्हणून नव्हे. तीसेक किलोमीटरच्या त्या रस्त्यावर फर्मागुडीची कॉलेजं आहेत, म्हार्दोळ-मंगेशीची देवस्थानं आहेत, कुंडईची औद्योगिक वसाहत आहे, भोम आहे, जुने गोवे आहे. त्या मार्गावरच्या कदंबच्या आणि खाजगी, सगळ्या बसगाड्यांना एकच वेळापत्रक, एकच तिकीट, आणि पणजीत बदलून बांबोळीला जाणाऱ्याला तेच तिकीट पुढे चालावं. सकाळ-संध्याकाळी दहा मिनिटांनी, दुपारी वीस मिनिटांनी, रात्री आठनंतर अर्ध्या तासाने, आणि दोन्ही टोकांहून शेवटची बस साडेअकराला. बांबोळीहून सुटणारी एक तरी गाडी पाळी सुटण्याच्या वेळेशी जुळवलेली. मालकाला धावलेल्या किलोमीटरचे पैसे दर पंधरवड्याला थेट खात्यात, आणि उशीर झाला तर व्याजासह. प्रत्येक थांब्यावर वेळांचा फलक आणि वर दिवा, कारण रात्री अंधाऱ्या थांब्यावर बाई उभी राहणार नाही.

पहिल्या वर्षी रात्रीच्या त्या बसमध्ये आठ-दहाच माणसं असतील. विधानसभेत कुणीतरी उठून विचारेल की रिकाम्या गाड्यांवर पैसा का उधळता. तेव्हा ती बस बंद करू नये. इतकी वर्षं आठनंतर बस नव्हती. ती आता आहे आणि उद्याही असेल, हे लोकांना पटायला वेळ लागणार. गोमेकॉत रात्रपाळी करणारी फोंड्याची नर्स स्कूटर विकायचा विचार करण्याआधी ती बस निदान दोन पावसाळे न चुकता धावलेली पाहील.